खांद्यावरचा पाव

"दोन बोटं जाड हवं, मेस्त्री. केसभर कमी नको आणि केसभर जास्त नको," नेनू म्हणाला.

विस्टिनने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. चामड्याचा तुकडा मागायला त्याच्या दुकानात कुणी ना कुणी रोज यायचं, पण इतकं मापून कुणी मागत नसे.

"एवढं जाड चामडं कशाला रे? बायकोने ताटात वाढलेलं कमी पडलं?"

"गाडीचं दार आपटतं. मध्ये घालायला."

"दाराला रबर लावतात, गाढवा."

"खाऱ्या हवेत रबर टिकत नाही." नेनूने नजर बाहेर वळवली. बाहेर पायऱ्या-पायऱ्यांनी बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत माणसं शिडीवर चढून लाल पडदे बांधत होती. वारा ते पुन्हा पुन्हा ओढून काढत होता. "तुम्ही द्या ना, मेस्त्री. फार प्रश्न विचारता."

विस्टिनने मग काही विचारलं नाही. सान पॉल या संताचा सण चार दिवसांवर आला की वालेत्ता गावात कुणाकडूनच धड उत्तर मिळत नाही. त्याने बैलाच्या चामड्याचे तुकडे कापले, एकावर एक चिकटवले, कडेने दुहेरी शिवण घातली. काम चालू असताना तोंडही चालू होतं, कारण तोंड मिटून त्याला साधी टाच ठोकता येत नसे.

"तुला सांगतो नेनू, सत्तरीला टेकलो मी. पण खांद्यावरचा सान पॉल मला जड जात नाही. उलट गेली दोन वर्षं हलकाच लागतो. बापाची शपथ! पूर्वी चौकापर्यंत पोचता पोचता डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. आता गाणं म्हणत जाईन. त्यालाच दया आली असणार म्हाताऱ्याची."

नेनू हसला नाही. गॅसचे सिलिंडर घरोघर पोचवणारा हा पन्नाशीचा रेडा, एरवी कशालाही खो खो हसायचा. आज त्याने मान हलवली आणि पट्टी घ्यायला पुढे वाकला. वाकताना त्याच्या सदऱ्याची कॉलर सरकली आणि विस्टिनला त्याचा उजवा खांदा दिसला.

खांद्यावरचा पाव टरारून फुगला होता. कडेला कातडी सोलवटली होती आणि भोवती काळंनिळं पडलं होतं.

वर्षानुवर्षं मूर्तीचा दांडा बसून खांदेकऱ्याच्या खांद्यावर जी गाठ येते तिला त्या गावात पाव म्हणतात. ज्याच्या खांद्यावर पाव नाही त्याला कुणी खांदेकरी म्हणत नाही, आणि ज्याच्या आहे तो उन्हाळ्यात समुद्रावर मुद्दाम सदरा काढून बसतो. विस्टिननेही तरुणपणी तेच केलं होतं. त्याच्या बायकोने, जीझाने, त्याला पहिल्यांदा पाहिलं ते तसंच, आणि नंतर आयुष्यभर तिने त्याला त्यावरून चिडवलं होतं.

"रविवारचं का हे?" विस्टिनने विचारलं. रविवारी आठही खांदेकऱ्यांनी सान पॉलची मूर्ती कोनाड्यातून खाली काढून देवळात फिरवली होती.

"माझी कातडीच नाजूक," नेनू म्हणाला, कॉलर सारखी केली आणि पट्टी काखोटीला मारून निघून गेला.

विस्टिन हातोडी हातात धरून बसून राहिला. रविवारी तोही त्याच दांड्याखाली होता, नेनूच्या एक पाऊल पुढे. त्याच्या खांद्यावर साधा ओरखडाही नव्हता. त्याच्या मनात पाल चुकचुकली.

संध्याकाळी त्याने जीझासमोर सदरा काढला. ती चुलीपाशी माशाचा रस्सा ढवळत होती.

"थंडी वाजून मरशील," ती म्हणाली. "काय दाखवतोयस?"

"पाव बघ."

तिने ओला हात एप्रनला पुसला आणि त्याचा खांदा चाचपला. बराच वेळ चाचपला. "कुठाय?"

"काय कुठाय? तिथेच!"

"बसला की रे. सपाट झालाय." तिने हात काढून घेतला. "मला वाटलंच होतं. दोन वर्षांत तू एकदाही कापराचं तेल लावून दे म्हणाला नाहीस. आधी सणानंतर आठवडाभर कण्हत पडायचास, चमचा धरवत नव्हता. मी म्हटलं, असेल बाबा संताची कृपा, आपण कशाला दृष्ट लावा."

विस्टिन रस्सा जेवला नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी तो देवळामागच्या खोलीत गेला, जिथे दांडे, झगे आणि मिरवणूक थांबली की दांड्याला टेकू द्यायच्या बेचकीच्या काठ्या ठेवतात.

मूर्ती उचलायला ताकद लागते, पण त्याआधी उंची लागते. एका दांड्याखालचे खांदे एका रेषेत हवेत. एखादा बुटका निघाला तर दांडा त्याच्या खांद्यावर टेकतच नाही, त्याचा वाटा मागच्यावर जातो. एखादा उंच निघाला तर सगळा भार त्याच्या एकट्याच्या बोकांडी बसतो. म्हणून ज्या दिवशी माणूस दांड्याखाली येतो त्या दिवशी त्या खोलीच्या भिंतीवर त्याच्या खांद्याची खूण कोरतात. विस्टिनच्या बापाची खूण तिथे होती. तिच्याच शेजारी विस्टिनची होती, आणि वीस वर्षांनी आलेल्या नेनूची बरोबर तिच्या रेषेत.

विस्टिन भिंतीला पाठ लावून उभा राहिला, टाचा चिकटवल्या, खांद्यावर हात आडवा धरला आणि वळून पाहिलं. खूण त्याच्या हाताच्या वर होती. दोन बोटं.

म्हाताऱ्या माणसाचा कणा बसतो, हे त्याला माहीत होतं. गिऱ्हाइकांच्या विजारी बुटांवर लोळायला लागल्या की त्यांना चिडवणारा तोच होता. फक्त हे आपलंही होत असेल, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. सान पॉल हलका झाला नव्हता. दोन वर्षं विस्टिन रिकाम्या दांड्याखालून मिरवत चालला होता, बाल्कनीतून त्याच्यावर कागद उधळले जात होते, आणि त्याच्या मागे नेनू दोघांचं ओझं वाहत होता. आणि काल आपण त्याच नेनूला गाणं म्हणत जाईन म्हणून सांगितलं! त्याचे कान तापले. लाजेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सरळ बाजूला होता आलं असतं. खांदेकऱ्यांचा म्होरक्या लोन्झू याच्याकडे बदलीचे चार तरुण वाट बघत होतेच. पण विस्टिनला वाटलं, असं सोडलं तर शेवटची दोन वर्षं फुकटाची राहतील. एकदा, फक्त एकदाच, खरं ओझं घ्यायचं. नेनूचा खांदा एका वर्षासाठी तरी मोकळा करायचा. मग लोन्झूला स्वतःच सांगायचं की आता पुरे.

तो चांभार होता. दोन बोटं उंची ही त्याच्यासाठी काय मोठी गोष्ट? त्याने सणाच्या काळ्या बुटांत बुचाचे तळवे घातले, टाचेपासून चवड्यापर्यंत सारखे, वरून पातळ चामडं. बाहेरून काही दिसत नव्हतं. पुन्हा भिंतीशी उभा राहिला तेव्हा खूण आणि खांदा एका रेषेत आले. त्याला इतकं बरं वाटलं की तो एकटाच हसला.

नेनूला मात्र त्याने काही सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे दोन वर्षांचं सगळंच बोलावं लागलं असतं.

सणाच्या सकाळी ग्रिगाल सुटला होता. ज्या ईशान्येच्या वाऱ्याने सान पॉलचं जहाज या बेटावर आणून फोडलं, तोच हा वारा. दर वर्षी फेब्रुवारीत त्याची थोडीफार फुंकर असतेच, पण यंदा तो रात्रीपासून दारं बडवत होता. बंदरातली नाव बंद होती. बँडच्या घराच्या गच्चीवरची झेंड्याची काठी मोडून खाली पडली होती, आणि ती पाहायला जमलेली माणसं एकमेकांशी फारसं बोलत नव्हती.

"नाही निघणार मिरवणूक," जीझा म्हणाली. ती दर वर्षीप्रमाणे त्याचे बूट पुसत होती. पुसता पुसता तिचा हात आत गेला आणि थांबला. "हे काय घातलंयस?"

"थंडीसाठी."

"थंडीसाठी लोकर घालतात." तिने बूट उलटा केला, नाकाला लावला, खाली ठेवला. पन्नास वर्षांच्या संसारात तिला बुचाचा वास ओळखता येत नसेल तर मग कुणाला? "विस्टिन, नेनूला सांगितलंस?"

"त्याला कशाला?"

"तो तुझ्या मागे असतो म्हणून."

"संध्याकाळी सांगतो. संपल्यावर. आपण तिघं बसून दारू पिऊ आणि सांगतो."

"बेर्तूला विसरलास वाटतं," ती म्हणाली आणि तिने लगेच क्रॉसची खूण केली.

बेर्तूचं नाव त्या गल्लीत कुणी मोठ्याने घेत नाही. विस्टिनच्या बापाच्या वेळचा तो खांदेकरी. उतारावर त्याचा पाय सटकला, सान पॉल एका बाजूला कलंडला आणि संताच्या उगारलेल्या हाताची दोन बोटं भिंतीला लागून तुटली. माणूस कुणी मेला नाही. पण पुढच्याच महिन्यात बेर्तू बायकापोरांसह जहाजाने मेलबर्नला गेला तो कायमचा, आणि तेव्हापासून त्या गल्लीत एकाही मुलाचं नाव बेर्तू ठेवलेलं नाही.

दुपारी पाऊस आला. फार नाही, रस्ता ओला होईल इतकाच. मग थांबला. लोन्झू देवळाच्या दारात उभा राहून आभाळाकडे बघत होता आणि आठही जण पांढरे झगे घालून त्याच्याकडे बघत होते.

"काढायचा," लोन्झू शेवटी म्हणाला. "जो वादळातून पोहत किनाऱ्याला लागला तो ओल्या रस्त्याला भिणार आहे का? पण सावकाश. कागदावरून पाय सांभाळा. कुणाला बरं नसेल तर आत्ता बोला, मग नाही."

विस्टिन बोलला नाही. नेनूही बोलला नाही, फक्त एकदा दांड्याकडे आणि एकदा विस्टिनकडे पाहून त्याने नजर खाली घातली.

लोन्झूने लाकडावर थाप मारली. आठ जण वाकले. दुसरी थाप पडली आणि ते उठले, आणि दांडा विस्टिनच्या खांद्यावर आला.

पहिल्या क्षणी त्याला आनंदच झाला. हेच ते वजन! मानेपासून टाचेपर्यंत उतरणारं, श्वास अर्ध्यावर अडवणारं. किती दिवसांनी भेटलास रे बाबा, असं तो मनात म्हणाला. बाहेर पडताच बार फुटले, घंटा सुरू झाल्या, बँडने सूर धरला, आणि बाल्कन्यांमधून बारीक कातरलेल्या कागदांचे ढगच्या ढग खाली आले. आठवडाभर पोरासोरांनी कातरलेले ते कागद वाऱ्याने गरगरले आणि ओल्या फरशीला चिकटून बसले. पायाखाली साबण पसरल्यासारखं झालं.

पहिल्या कोपऱ्यापर्यंत विस्टिनला कळून चुकलं की काहीतरी चुकतंय. हे वजन एका माणसाच्या वाट्याचं नव्हतं. त्याने हे ओझं पन्नासेक वर्षं वाहिलं होतं, ते त्याला आईच्या आवाजासारखं ठाऊक होतं. हे त्याहून खूप जास्त होतं. खांद्याचं हाड आत दबत होतं.

मागून नेनूचा दबका आवाज आला. "मेस्त्री, काय चाललंय? माझ्यावर काहीच येत नाहीये."

"चाल."

"दांडा माझ्या खांद्याला लागत नाहीये! तुम्ही उंच कसे झालात?"

विस्टिनने मान तिरकी केली. दांड्याच्या खालच्या अंगाला, नेमकी त्याच्या खांद्यावर, काळ्या कापडात गुंडाळलेली जाड पट्टी ठोकलेली होती. कापड एका जागी सरकलं होतं आणि खालची दुहेरी शिवण दिसत होती. स्वतःच्या हाताची शिवण त्याने अंधारातही ओळखली असती. बैलाचं चामडं. दोन बोटं, केसभर कमी नाही, जास्त नाही.

नेनूला हवं होतं ते इतकंच, की म्हाताऱ्याच्या खांद्याला दांडा नुसता लागावा. त्याला रिकामं वाटू नये. ओझं आपण वाहूच. आणि विस्टिनने त्याच दोन बोटांची भर बुटात घातली होती. दोघांनी एकच भोक दोन्ही बाजूंनी बुजवलं होतं, आणि आता सान पॉलचा पुढचा उजवा कोपरा एका सत्तरीच्या चांभारावर उभा होता.

समोर उतार आला. तोच उतार.

उताराला भार पुढे येतो. विस्टिनने पावलं आखूड केली. बाल्कनीतल्या बायका गप्प झाल्या होत्या, कारण संत उजवीकडे झुकला होता हे वरून स्पष्ट दिसत होतं. कुणीतरी मोठ्याने प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. विस्टिनला भिंतीकडे सरकणारा तो लाकडी हात डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला. तो सणाचा, संताचा, कशाचाच विचार करत नव्हता. माझं नाव पोरांना ठेवणार नाहीत, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं.

मग खांद्यात काहीतरी कडकन मोडलं. आवाज बँडमध्ये बुडाला.  त्याने दात आवळले आणि पाय आधी टाच, मग चवडा असा टाकत राहिला, आणि उतार संपला.

"थांबा!" लोन्झूने थाप मारली. आठ बेचक्या आठ जागी दांड्यांखाली बसल्या. विस्टिनने आपली डाव्या हाताने बसवली. उजवा हात वर येत नव्हता.

नेनू वाकून त्याच्या समोर आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "मेस्त्री, बुटात काय घातलंय तुम्ही?"

"तुझ्या गाडीचं दार अजून आपटतं का रे?" विस्टिनने विचारलं.

 तेवढ्या दांडग्या नेनूचे ओठ पोरासारखे थरथरू लागले. "मला वाटलं, तुम्हाला कळायला नको."

"मलाही तेच वाटलं."

लोन्झू धावत आला. त्याने विस्टिनचा लोंबणारा हात पाहिला आणि सगळं ओळखलं. "बदली उभा आहे. बाजूला हो, विस्टिन."

"देवळाच्या दारापर्यंत जाऊ दे."

"हाड मोडलंय तुझं. पडलास तर?"

"नाही पडणार. आता माझ्यावर काही येणारच नाही," विस्टिन म्हणाला. पट्टी काढता आली नसती. ती त्यानेच इतकी घट्ट शिवली होती आणि नेनूने खिळे मारून ठोकली होती. म्हणून तो खाली बसला, डाव्या हाताने नाड्या सोडल्या आणि दोन्ही बूट काढून रस्त्याच्या कडेला ठेवले. मग मोजेही काढले. ओल्या फरशीचा गारठा त्याला थेट मस्तकात गेला. "पुन्हा सगळं तुझ्यावरच, नेनू."

"येऊ द्या," नेनू डोळे पुसत म्हणाला. "माझ्या अंगवळणी पडलंय."

थाप पडली. मूर्ती उचलली गेली, सरळ झाली आणि बाल्कन्यांमधून सुटकेचा मोठा सुस्कारा आला. दांडा विस्टिनच्या खांद्यापासून वर गेला. मागे नेनूचा श्वास जड झालेला त्याला ऐकू आला.

लोकांनी आता त्याचे पाय पाहिले. गर्दीतून कुजबुज पुढे सरकत गेली. अनवाणी! या वयात, या थंडीत! नवस असणार, नवसच. बायकांनी क्रॉसची खूण केली. वरून कागद दुपटीने आले. एक म्हातारी लोन्झूला न जुमानता पुढे घुसली, वाकून विस्टिनच्या पावलाला तिने बोटं लावली आणि ती बोटं ओठांना टेकवली. विस्टिनला तिला सांगायचं होतं की बाई, माझ्या खांद्यावर काही नाही, मागच्या माणसाचे पाय धर. पण बोलायला श्वास उरला नव्हता, आणि म्हातारी रडत होती.

थोडं पुढे जीझा उभी होती. शेजारणीने तिला कोपर मारलेलं त्याला दिसलं, आणि मिरवणूक अगदी जवळून जात असल्यामुळे प्रश्नही ऐकू आला.

"कसला गं नवस केला होता तुझ्या नवऱ्याने?"

"होता एक," जीझा म्हणाली.

ती गर्दीतून मागे वळली, उताराच्या पायथ्याशी गेली, रस्त्याच्या कडेचे ते बूट तिने उचलले, त्यांना चिकटलेले ओले कागद एकेक करून काढले आणि बूट शालीखाली छातीशी धरले. विस्टिनने मान वळवून तेवढं पाहिलं. मग तो पुढे बघून चालू लागला. देवळाचं दार उघडं होतं, आत सगळ्या मेणबत्त्या लावलेल्या होत्या. पट्टी आणि त्याचा खांदा यांच्यामध्ये आता बुटाच्या तळाएवढी, बोटभर जागा होती. त्याने बेचकीची काठी काखेत दाबली, डावा हात वर नेला आणि लोकांना दिसू नये म्हणून ती जागा पंजाने झाकून धरली.